ग्वाल्हेर : चार दिवस आणि पाइपवरचे तीन ठोके

मावशीच्या गुडघ्यांनी आता पुण्याला यायचं साफ नाकारलंय, म्हणून डिसेंबरात मीच ग्वाल्हेरला जाऊन आले. झेलम एक्स्प्रेसने गेले. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच की समोरच्या बर्थवरच्या आग्र्याच्या कुटुंबाला मनमाड यायच्या आत माझं वय, मुलं किती, मुलगी काय करते, जावई कुठे असतो आणि मी एकटी का निघाले हे सगळं ठाऊक झालं होतं. बदल्यात चार मेथीचे पराठे आणि कैरीचं लोणचं मिळालं. आमच्या सोसायटीत समोरच्या फ्लॅटमधल्या माणसाचं नाव मला दारावरच्या पाटीमुळे माहीत आहे. दोघंही अकरा वर्षं तिथे राहतोय.

समाजशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली, त्यामुळे असं काही दिसलं की डोक्यात आपोआप फळा उभा राहतो. या लेखात तो अधूनमधून येईल. सोसून घ्या.

झाशीच्या पुढे धुकं लागलं आणि गाडी अडीच तास रखडली. पोचले तेव्हा रात्र झाली होती. लष्कर नावाच्या भागात, ढोलीबुवाच्या पुलापासून आत, मावशीच्या सासरचं जुनं घर आहे. दारात मावशी शाल गुंडाळून उभी होती. "आली का तू? गरम पाणी काढलंय, नहाऊन घे आधी." तिच्या मराठीत हिंदी अशी मिसळते की कुठली कुठे संपते ते तिलाही सांगता येणार नाही.

पहिला दिवस

पहाटे पाचला खणखण आवाजाने जाग आली. मावशी मोरीत उभी राहून खलबत्त्यातल्या बत्त्याने नळाच्या लोखंडी पाइपवर ठोकत होती. तीन ठोके. मग वरच्या मजल्यावर मोटर सुरू झाली. वीसेक मिनिटांनी वरून एक ठोका आला, मोटर बंद.

"हे काय?"

"वरची. आपलं पिंप भरलं की मी तीन ठोकते, मग ती मोटर लावते. टाकी भरली की एक ठोकते."

"मग हाक का नाही मारत?"

"आम्ही बोलत नाही. नऊ वर्षं झाली."

भांडण जिन्याखालच्या जागेवरून झालं होतं. वरच्यांची स्कूटर की मावशीची कुंडी, असा तो प्रश्न. आज तिथे दोन्ही नाहीत, एक मोडकी खुर्ची आहे. पण सकाळी तिघ्र्याच्या धरणाचं पाणी आलं की दोघींचा हा तारायंत्राचा कार्यक्रम नऊ वर्षांत एकदाच काय तो चुकलाय. "एकदा मी तापानं फणफणले होते, ठोके दिले नाहीत, तर तिनं नातवाला खाली पाठवलं बघायला." मग जरा थांबून, "ते बोलणं नव्हे हं."

नाश्त्याला बेडई. उडदाच्या डाळीचं सारण भरलेली फुगीर, खरपूस पुरी आणि वर बटाट्याची पातळ, जाळ काढणारी भाजी. पुण्याच्या जिभेने जायचं असेल तर भाजी कमी घ्या, दही मागून घ्या. टपरीवर मी नुसतीच उभी होते, तर शेजारच्या बाकावरच्या गृहस्थांनी सरकून जागा केली, कुठून आलात विचारलं आणि आपल्या द्रोणातली मिरची माझ्या द्रोणात ठेवली. न विचारता. उष्टी नव्हती, पण पुण्यात यावर पोलीस केस होऊ शकते.

दुपारी महाराज बाड्यावर गेले. चौकाभोवती वेगवेगळ्या शैलींतल्या जुन्या इमारती, मध्ये बाग, आणि गर्दी. तिथे मला वात्रटपणा सुचला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट लेव्हिन याने 1990 च्या दशकात जगातल्या 23 शहरांत एक खेळ मांडला होता. त्याची माणसं रस्त्यात नकळत पडल्यासारखं पेन टाकायची, पाय लंगडतोय असं दाखवून मासिकं खाली पाडायची, आंधळ्याची काठी घेऊन सिग्नलला उभी राहायची आणि कोण मदत करतं ते मोजायची. रिओ दी जानेरो पहिलं आलं, क्वालालंपूर शेवटचं, त्याच्या जरा वर न्यूयॉर्क. भारतातून कोलकाता होतं आणि ते बरंच वरच्या बाजूला होतं. साधारणपणे गरीब देशांतली शहरं जास्त मदत करणारी निघाली. पण बारकाईने बघितलं तर मदत न करणारेही दुष्ट नव्हते. घाईत असलेल्या, एकमेकांकडे न बघणं हीच सभ्यता मानणाऱ्या शहरात अनोळखी माणसाच्या भानगडीत न पडणं हाही एक प्रकारचा आदरच असतो.

तर मी बाड्यावर पाच वेळा पेन टाकलं. पाचही वेळा मिळालं. एका मुलाने "आंटी, पेन!" म्हणून ओरडून अर्धा चौक गोळा केला. एका बाईंनी पेन देऊन विचारलं की मी मराठी आहे का, आणि हो म्हटल्यावर त्यांच्या मराठी मैत्रिणीची तक्रार सुरू केली. पाचव्या वेळी फुगेवाला म्हणाला, "माताजी, तीसरी बार देख रहा हूँ. हाथ में कुछ तकलीफ है क्या?" शास्त्रीय पुरावा म्हणून याला कवडीची किंमत नाही. परत आल्यावर लक्ष्मी रोडवरही पाच वेळा टाकून बघितलं, तिथेही पाचही वेळा मिळालं. फरक पेनाबरोबर येणाऱ्या वाक्यात होता. ग्वाल्हेरला चौकशी, पुण्याला सूचना : "खिशाला लावत जा."

दुसरा दिवस

किल्ला. वाहनाने जायचं असेल तर उरवाई दरवाजाकडून जा, म्हणजे कड्यात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती वाटेतच लागतात. पाय धड असतील तर ग्वालियर दरवाजाकडून चढा. खाली गुजरी महालातलं संग्रहालय बघून निघता येतं, फक्त सोमवार टाळा. याच चढावर चतुर्भुजाचं छोटं देऊळ आहे, लक्ष नसेल तर हुकतं. इ.स. 876 च्या तिथल्या शिलालेखात 270 आणि 50 हे आकडे आहेत आणि त्यातलं शून्य आपण लिहितो तसंच, गोल. मजकूर देवळाच्या बागेचा : लांबी 270 हात, आणि रोज देवाला 50 हार. शून्य बघायला येणारे फोटो काढून जातात, मला ते रोजचे पन्नास हार जास्त आवडले.

मानमंदिर, सासबहू, तेली का मंदिर यांबद्दल सगळीकडे लिहिलेलं आहे, ते वाचा. मला सांगायचंय ते दाता बंदी छोड गुरुद्वाऱ्याबद्दल. जहांगीराने सहावे गुरू हरगोबिंद यांना या किल्ल्यात कैदेत ठेवलं होतं. सुटकेचा हुकूम आला तेव्हा त्यांनी बरोबरच्या कैदी राजांना सोडल्याशिवाय बाहेर पडायचं नाकारलं. शीख परंपरेत सांगतात की जेवढे राजे गुरूंचं वस्त्र धरून बाहेर येतील तेवढ्यांना सोडू, असं बादशहाने म्हटलं, तेव्हा गुरूंनी बावन्न टोकांचा चोगा शिवून घेतला आणि बावन्न जण एकेक टोक धरून बाहेर पडले. ना नात्याचे, ना धर्माचे.

तिथे लंगरात जेवले. डोकं झाकायला रुमाल लागतो, दारात मिळतो. चपला काढणं, हातपाय धुणं हे सगळं आलं. पंगतीत माझ्या डावीकडे भिंडचा ट्रक ड्रायव्हर, उजवीकडे दिल्लीची दोन कॉलेजची पोरं. वाढणाऱ्या बाबांनी कुणालाच काही विचारलं नाही, फक्त "परशादा?" म्हणत ओंजळीत पोळी टाकत गेले. आदल्या दिवशीच्या बेडईवाल्या गृहस्थांनी माझी कुंडली मांडली होती, इथे माझं नावही कुणाला नको होतं. पाहुणचाराचे दोन वेगळेच मार्ग झाले हे. पश्तूनांत, म्हणजे पठाणांत, पाहुणचाराला मेलमस्तिया म्हणतात, तिथे दारात आलेला शत्रू असला तरी त्याला जेवू घालायचं आणि आपल्या छपराखाली असेपर्यंत त्याचं रक्षण करायचं. पण म्हणून शेजारच्या खेड्याशी पिढ्यान्पिढ्यांचं वैर मिटतं असं नाही. दोन्ही एकाच माणसात सुखाने नांदतात.

लॅटिनमध्ये तर परक्याला म्हणत तोच शब्द पुढे शत्रूला म्हणू लागले, आणि यजमानाचा शब्दही त्याच मुळातून निघालेला.

संध्याकाळी उतरताना थंडी एकदम अंगावर आली. डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर पुण्याचं स्वेटर घरीच ठेवा, त्याने काही होत नाही. कानटोपी, मोजे आणि जाड शाल घ्या.

तिसरा दिवस

सकाळी ठोके झाल्यावर मावशीने माझ्यासमोर परातभर मटार ठेवले. "सोल. आता तू पाहुणी नाही." आपल्याकडे म्हणतातच, एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. गंमत अशी की ही मुदत जगभर सापडते. अरब बदूंमध्ये पाहुण्याचा हक्क तीन दिवसांचा. मनुस्मृती तर त्याहून कंजूष, एक रात्र राहतो तो अतिथी, कायम राहत नाही म्हणून अतिथी. अतिथी देव असतो हे खरं, पण त्या देवाने वेळेत उठायला हवं.

मटार सोलता सोलता मी मावशीला म्हटलं, आपण मराठी माणसंसुद्धा इथे पाहुणेच ना. दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमाराला किल्ल्याच्या पायथ्याशी तळ टाकला. लष्कराचा तळ म्हणून त्या भागाचं नावच लष्कर पडलं. तळ काही उठला नाही. चिटनीस की गोठ, शिंदे की छावणी, दौलतगंज अशी नावं मागे ठेवून दोनशे वर्षं झाली. मावशी शांतपणे म्हणाली, "मग? पहिल्या तीन दिवसांनंतर मटार सोललेच आम्ही."

नंतर गंगादासांच्या बड्या शाळेत गेले. शाळा म्हणजे साधूंचा मठ, स्टेशनपासून लांब नाही. जून 1858 मध्ये जखमी झालेल्या लक्ष्मीबाईंना इथे आणलं. आपला देह इंग्रजांच्या हाती पडू नये एवढीच त्यांची इच्छा होती. मठात सांगतात की दहन होईपर्यंत साधू शस्त्रं घेऊन इंग्रज फौजेला अडवत राहिले आणि त्यात 745 साधू गेले. आवारात त्यांच्या समाध्या आहेत. राणी त्यांची कोण होती? जवळच फूलबागेत राणीची समाधी आणि घोड्यावरचा पुतळा आहे, तिथे शाळेच्या सहलींचा गोंगाट असतो. मठात कुणी नव्हतं. एक साधू उन्हात पाठ शेकत बसले होते, त्यांनी माझ्याकडे बघून डोळे परत मिटले.

दुपारी हजीऱ्याला, सूफी संत मोहम्मद गौस यांची मोठी कबर आणि तिच्या अंगणात तानसेनाची छोटी. दगडी जाळ्यांतून पडणारं ऊन बघायला दुपारी तीननंतर जा. तानसेनाच्या कबरीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो म्हणतात. मी खाल्ला, खोकला झाला. डिसेंबरात इथे तानसेन समारोह होतो आणि त्याची सुरुवात कबरीपाशी हरिकथा आणि मिलाद यांनी होते. हरिकथा ढोलीबुवांच्या मठाकडून, म्हणजे मावशीच्या घराजवळच्या पुलाच्या नावातले तेच बुवा.

ग्वाल्हेर घराण्याची गोष्ट मला नेहमी शेजारधर्माचीच गोष्ट वाटत आलीय. दरबारातले बडे मोहम्मद खाँ आपली तान कुणाला देईनात, तेव्हा हद्दू आणि हस्सू या भावांनी पडद्याआड लपून ती ऐकून उचलली, अशी कथा आहे. विद्या म्हणजे घरचं सोनं, ते भाऊबंदांनाही दाखवायचं नाही. आणि त्याच घराण्यात पुढे हस्सू खाँनी वासुदेवबुवा जोशी या मराठी ब्राह्मणाला शिकवलं. त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती गायकी महाराष्ट्रात आणली आणि तिथून ती विष्णू दिगंबर पलुस्करांकडे गेली. याच घराण्यातले निसार हुसेन खाँ तर शेवटी गायक शंकरराव पंडितांच्याच घरी राहायला होते. सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात एका मराठी ब्राह्मणाच्या घरात खाँसाहेब. शंकररावांचे चिरंजीव कृष्णराव पंडित यांचं गाणं त्या घरातलं. जिथे नातेवाइकाला पडदा होता, तिथे परक्याला ओसरी मिळाली.

परतले तेव्हा अंधार पडला होता आणि जिन्यात वरच्या काकू भेटल्या. हातात दुधाची पिशवी. मी बाजूला झाले, तर त्याच म्हणाल्या, "तुम्ही पुण्याच्या ना? तुमच्याशी आमचं काही भांडण नाही हं." आणि मग तिथेच, जिन्याच्या पायरीवर, थंडीत, त्यांनी मला अर्धा तास स्वतःबद्दल सांगितलं. मुलगा बेंगळुरूला, सून फोन घेत नाही, मिस्टरांना आता नीट दिसत नाही, घर विकायचं मनात आहे. गल्लीत कुणाला हे माहीत नाही, म्हणाल्या. शेवटी आवाज खाली करून विचारलं, "त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का?"

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल याने 1908 मध्ये परक्या माणसावर एक छोटा निबंध लिहिला. त्यात तो म्हणतो की जवळच्यांपासून जपून ठेवलेल्या गोष्टी माणसं परक्याला कबुलीजबाबासारख्या सांगून टाकतात. मी हे वर्षानुवर्षं मुलांना तोंडपाठ सांगितलं. जिन्यावर उभी असताना त्यातला साधा व्यवहार कळला : मी उद्या जाणार होते. माझ्यापाशी काही ठेवलं तर ते पुण्याला जाणार, गल्लीत फिरणार नाही. मावशीशी मात्र काकूंचा हिशेब चालू आहे, रोज पहाटे पाचचा.

चौथा दिवस

सकाळी नया बाजारात बहादुराचे लाडू. दुकान जुनं, साधं, भिंती तुपाच्या वासाने माखलेल्या. लाडू गरम असतो आणि हातात धरला की सुटायला लागतो, म्हणून तिथेच उभ्याने खा आणि मग घरच्यांसाठी बांधून घ्या. थंडीत मुरैन्याची गजक, म्हणजे तिळाची कुरकुरीत वडी, तीही घ्या, पण ती ठिसूळ असते, सामानात सगळ्यात वर ठेवा. माझी चुरा होऊन पोचली.

दुपारी वरच्या काकूंच्या नातवाने डबा आणून माझ्या हातात दिला. "दादीने पुणेवाली आंटी के लिए भेजा है." आत अर्धा किलो बेसनाचे लाडू, घरचे. मी मावशीपुढे डबा धरला. तिने बघितलं, झाकण परत लावलं. "तुला दिलेत. तू खा."

"एक घे ना."

"मी घेतला तर मला द्यावं लागेल."

पापुआ न्यू गिनीमध्ये औ आणि ग्नाऊ नावाचे समाज आहेत. जोसेफ हेन्रिक आणि इतर मानववंशशास्त्रज्ञांनी पंधरा छोट्या समाजांत पैसे वाटून घेण्याचा एक खेळ खेळवला. एकाने किती द्यायचे ते ठरवायचं, दुसऱ्याने नाही म्हटलं तर दोघांनाही काही नाही. पेरूच्या जंगलातले माचिगेंगा सरासरी चौथ्या हिश्श्याच्या आसपासच देत आणि समोरचा निमूट घेई, ओळख नाही तर अपेक्षाही नाही. इंडोनेशियातले लामालेराचे देवमासे मारणारे कोळी अर्ध्याहूनही जास्त देत, कारण मासा मिळाला की गावभर वाटण्याचा त्यांचा रोजचाच रिवाज. औ आणि ग्नाऊ मात्र अर्ध्याहून जास्त दिलेलंही परत करत. भेट घेतली की बांधिलकी गळ्यात पडते, हे त्यांना पक्कं ठाऊक. ज्या समाजांत बाजाराचा व्यवहार जास्त, तिथे अनोळखी माणसाला निम्म्याच्या जवळपास देण्याची सवय जास्त, असंही त्यांना दिसलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा औ लोक मला फार विचित्र वाटले होते. मावशीच्या स्वयंपाकघरात नाही वाटले.

रात्रीच्या गाडीने निघायचं होतं, तर फोनवर संदेश आला, गाडी सहा तास उशिरा. हिवाळ्यात इकडून परतीचं तिकीट काढाल तर पुढचा दिवस मोकळा ठेवा, धुक्याचा भरवसा नाही. आता पहाटे निघायचं. मावशी मला थर्मासमध्ये चहा भरून देत होती, तेवढ्यात पाणी आलं. पिंप भरलं. मी बत्ता उचलला आणि तीन ठोके दिले. वर मोटर लागली.

मावशी फडताळापाशी गेली. काचेची बरणी काढली, यंदाच्या आवळ्याचं लोणचं, वर कापडाची टोपी बांधलेली. माझ्या हातात देऊन म्हणाली, "जाता जाता वर देऊन ये. डबा रिकामा परत करायचा नसतो. तुझ्याकडून म्हण."

मी जिना चढले. काकूंनी दार उघडलं, डोक्याला मफलर. बरणी घेतली, टोपी सोडली, बोटाने चाखलं.

"गूळ अजून तेवढाच घालतात वाटतं," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन पाइपवर एक ठोका दिला. मोटर अजून चालूच होती.